स्वस्त आणि सवंग

मराठीत स्वस्त आणि सवंग असे दोन शब्द आहेत. मुळात दोन्हींचा अर्थ एकच, कमी किमतीचं. ज्वारी सवंग झाली असं जुनी माणसं समाधानानं म्हणायची, कारण त्या वर्षी घरात दोन घास जास्त शिजणार असत. पुढे कधीतरी साहित्यातल्या मंडळींनी हा शब्द उचलला आणि त्याची शिवी केली. सवंग लेखन, सवंग करमणूक, सवंग लोकप्रियता. ही शिवी इतकी रुळली की जे कमी पैशात मिळतं ते हलकंच असणार, असा आपला समज होऊन बसला. माझं म्हणणं असं, की मुंबईत मराठी वाचक घडवला तो स्वस्त पुस्तकानं. ते पुस्तक आपण सवंग म्हणून बाजूला सारलं आणि त्याची किंमत आज माझ्यासारखे कवी मोजताहेत. गिरगाव, परळ, लालबाग, दादर एवढ्या टापूतच ही हकीकत सांगता येते.

सुरुवात गिरगाव-काळबादेवीच्या बाजूनं करू. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले गृहस्थ. अमेरिकन मिशनची छापील पुस्तकं त्यांनी पाहिली आणि आपल्यालाही हे जमलं पाहिजे अशी जिद्द धरली. शिळाप्रेस उभा केला, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. तोवर पंचांग हातानं लिहिलेलं असे आणि ते जोशीबुवांच्या घरी असे. छापील कागदाला शिवायचं की नाही यावर तेव्हा घराघरांत वाद होता, शाईत चरबी असते असा संशय होता. म्हणून तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापल्याची हकीकत सांगतात. खरीखोटी कशीही असो, तिच्यातून एक गोष्ट कळते. गिऱ्हाईकाच्या मनातली अडचण ओळखून तिच्यावर तोड काढणारा माणूस पहिल्या पिढीतच आपल्याकडे होता.

दुसरे जावजी दादाजी. गरीब घरातला पोर. लहानपणी मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागला. १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू हे त्यांचे मित्र. त्यांनी कोरलेले देवनागरी खिळे इतके सुबक होते की निर्णयसागरचं अक्षर म्हटलं की लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. या छापखान्याचं नाव घरोघर पोचलं ते पंचांगानं. आणि याच छापखान्यानं पुढे ‘काव्यमाला’ काढली, संस्कृतातले दुर्मीळ ग्रंथ काशीपासून युरोपपर्यंतच्या पंडितांच्या हाती दिले. जावजींचं स्वतःचं शिक्षण बेताचंच होतं. एका दारातून पंचांग बाहेर पडत होतं, त्याच दारातून काव्यशास्त्र. पंचांग विकणं कमीपणाचं आहे असं त्या माणसाला वाटलं नाही, आणि पंडितांनाही त्याचं वावडं नव्हतं.

ही रीत पुढेही दिसते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं. भिंतीवरच्या त्या कागदाच्या पाठीमागे चांगल्या लेखकांचे लेख छापले. दुधाचा हिशेब लिहायला पान उलटणारी बाई सहज एखादा परिच्छेद वाचून जायची. ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्या घरातही बारा पानं वाङ्मय खिळ्याला टांगलेलं असायचं. याला कुणी वाङ्मयीन घटना म्हणत नाही. मी म्हणतो.

गिरगावातलं आणखी एक नाव घेतलं पाहिजे. तिथं मॅजेस्टिक नावाचा सिनेमा होता. १९३१ साली आपला पहिला बोलपट ‘आलमआरा’ तिथंच लागला. त्या काळी थिएटरबाहेर सिनेमाच्या गाण्यांची चोपडी मिळे. दोन-चार आण्यांत कथासार आणि सगळी गाणी. या सिनेमागृहाजवळ केशवराव कोठावळे पुस्तकं विकू लागले. फुटपाथवरच्या त्या व्यवसायाचं दुकान झालं, दुकानाला नाव मिळालं मॅजेस्टिक बुक स्टॉल, आणि पुढे त्यातून मॅजेस्टिक प्रकाशन उभं राहिलं. १९६४ साली त्यांनी ‘ललित’ मासिक काढलं, ते खास ग्रंथप्रेमींसाठी. मराठीतल्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेचं नाव एका सिनेमाच्या थिएटरवरून आलं आहे, हे मला फार आवडतं. सिनेमानं वाचन मारलं अशी ओरड करणाऱ्यांना मी नेहमी हे नाव सांगतो. सिनेमा सुटल्यावर बाहेर पडणारी गर्दी हीच त्या दुकानाची पहिली गिऱ्हाइकं असणार.

आता गिरगावातून परळ-लालबागकडे जाऊ. अंतर तीन-साडेतीन मैलांचं. पण साहित्याच्या नकाशावर ते फार लांब होतं. १८५४ साली ताडदेवला कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत या बाजूला गिरणगाव वसलं. कोकणातली माणसं आली, घाटावरची आली. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीनं झोपणारे. साचेखात्यात मराठ्यांबरोबर मुसलमान विणकरही होते. माझे वडील त्यांतलेच. घरात दखनी, गॅलरीत मराठी, आणि दोन्हींमध्ये उंबरठ्याएवढंसुद्धा अंतर नव्हतं.

या माणसांना वाचायला काय मिळत होतं? १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. लीगनं कामगारांसाठी रात्रीच्या शाळा काढल्या, मोफत वाचनालयं काढली, आणि पेट्यांमधून पुस्तकं चाळीचाळीत फिरवली. वाचक ग्रंथालयात येत नसेल तर ग्रंथालयानं त्याच्या जिन्यापर्यंत जावं, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी परळमध्ये अमलात आली होती. परळचं दामोदर नाट्यगृह याच संस्थेचं, १९२२ सालचं. गिरणीत राबणारी माणसं तिथं रात्री नाटकं करायची. २०२३ साली त्याचं दार बंद झालं तेव्हा नाटकवाल्यांनी आवाज उठवला. वाचकांनीही उठवायला हवा होता, कारण त्या पेट्या याच संस्थेच्या होत्या.

चाळीत पुस्तक एकट्यानं वाचायची चीज नव्हती. ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. पोथी अशी वाचली जायची, वर्तमानपत्र असं वाचलं जायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत अत्र्यांचा ‘मराठा’ एका अंकावर सगळा मजला ऐकायचा. गणपतीत मेळ्यांची पदं छापलेल्या पुस्तिका असत. छापील पुस्तक आणि बोललेला शब्द यांच्यात भिंत नव्हती. कविता छापली जायची ती म्हणण्यासाठी.

१९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं, ते या मातीत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर. अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब. १९१६ साली बार्शीत जन्म. आई मुनेरबी ओव्या म्हणायची, लोकगीतं म्हणायची, ती ऐकत हा मुलगा वाढला. पुढे गाडीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं. आणि आवाज असा, की मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभा असलेला माणूस मान वर करायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या आवाजानं गावंच्या गावं उभी केली. त्यांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह १९५८ आणि १९६३ साली निघाले. पण अमर शेख कवी होते हे आपल्या टीकाकारांना फार उशिरा सुचलं. शाहीर म्हटलं की काम भागतं. शाहीर हा शब्द आदराचा खरा, पण कवींच्या पंगतीत पान मांडायचं नसलं की हाच आदर सोयीचा पडतो.

अण्णा भाऊंचं तेच. शाळेत जेमतेम दीड दिवस. अक्षरं शिकले ती मुंबईत, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून, असं सांगतात. म्हणजे ज्याला आपण सवंग म्हणतो तीच त्यांची अंकलिपी. त्या माणसानं १९५९ साली ‘फकिरा’ दिली. १९५८ साली दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, काहींवर सिनेमे निघाले, परदेशी भाषांत अनुवाद झाले. आणि आयुष्य गेलं ते घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. मला अभिमान वाटला. पण लाखो लोक ज्याचं वाचतात त्या लेखकाच्या घरात धान्याची ददात का असावी, हा प्रश्न पुतळ्यानं सुटत नाही. लोकप्रिय लेखकाला पैसा मिळतो आणि चांगल्या लेखकाला मान, असा एक समज आहे. अण्णा भाऊ दोन्ही होते. हयातीत त्यांना यातलं जे मिळालं, ते फार थोडं होतं.

आता त्या चोपडीबद्दल. छापखान्यात एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात. त्याला फर्मा म्हणतात. एकच फर्मा असेल तर बांधणी नको, शिवण नको, मधोमध एक टाचणी मारली की पुस्तक तयार. पोवाड्याच्या आणि गाण्यांच्या चोपड्या अशा निघत. किंमत आणा, दोन आणे. कार्यक्रम संपला की तिथल्या तिथं विकल्या जात. माणूस आधी ऐके, मग विकत घेई, मग घरी जाऊन चालीवर म्हणून पाही. आज आम्ही उलटं करतो. आधी पुस्तक छापतो, मग ऐकायला माणसं शोधतो.

लालबागची पोरं शाळेत मर्ढेकर शिकली, पण वाचायला शिकली ती बाबूराव अर्नाळकरांकडून. बाबूरावांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. कथानकं इंग्रजीवरून उचललेली असत, एकातून दुसरी ओळखू येत नसे, हे सगळं मान्य. अंगणात वाढलेलं रोपटं कुंडीतल्या फुलासारखं नीटनेटकं नसतं. पण सर्क्युलेटिंग लायब्ररीत चार पैसे भाडं देऊन रात्रीत पुस्तक संपवायची सवय त्यांनी लावली. ती सवय लागली की मग मुलगा फळीवर पुढे सरकतो. माझ्या हाताला झुंजारनंतर नारायण सुर्वे लागले. पहिल्या पानावर मला माझी गल्ली भेटली. सुर्वे स्वतः गिरणी कामगाराच्या घरात वाढले होते. अर्नाळकर नसते तर मी त्या फळीपर्यंत गेलोच नसतो.

१९६९ साल या हकिकतीतलं वळण आहे. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दीड महिन्याच्या आत दोन आवाज थांबले. त्याच वर्षी लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी गिरगावात ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली. प्रस्थापित साहित्यावरचा त्यांचा राग खरा होता. या तरुणांनी मराठी कविता बदलली, हेही खरं. पण त्यांचे अंकही मोजक्या लोकांतच फिरले. ‘सत्यकथा’ वाचणारा आणि ‘सत्यकथा’ जाळणारा, दोघांच्याही हातातलं पुस्तक लालबागच्या जिन्यावर चढत नव्हतं.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर कधी मिटलाच नाही, माणसं मिटली. त्याच वर्षी ‘सत्यकथा’ही बंद पडली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. तरी मला ते वर्ष एकत्रच आठवतं. एका टोकाला ऐकणारा माणूस गावी निघून गेला आणि दुसऱ्या टोकाला निवडून छापणारं मासिक गेलं. चोपडी विकत घेणारा गिऱ्हाईक राहिला नाही. लायब्ररीवाल्यांनी भाड्यानं व्हिडिओ कॅसेट द्यायला सुरुवात केली.

दहा वर्षांनी, १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत, याच वस्त्यांत जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पोवाडे चालू असते तर दंगल टळली असती, असं भाबडं विधान मी करणार नाही. एवढंच म्हणतो की ज्या मैदानात माझे वडील आणि शेजारचे साताऱ्याचे काका खांद्याला खांदा लावून अमर शेखांना ऐकत, तिथं शाहिराचं आडनाव कुणी विचारत नव्हतं. पेशवाईतले सगनभाऊ मुसलमान होते, ते लावणी ऐकणाऱ्याला माहीतही नसायचं. आज सत्काराच्या सभागृहात मला हमखास कुणीतरी म्हणतं, तुम्ही मराठी किती छान लिहिता. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मी हसून नमस्कार करतो. पण हे वाक्य मला लालबागच्या चाळीत कधी ऐकू आलं नाही.

स्वस्त आणि चांगलं एका हातात देता येतं, याचा पुरावाही आपल्याकडे आहे. १९७४ च्या अखेरीस दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ग्रंथाली सुरू केली. वाचकाला आधी सभासद करायचं, त्याच्या पैशातून पुस्तक छापायचं, त्याला ते कमी किमतीत द्यायचं. मधला खर्च वाचला की किंमत उतरते. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ निघालं ते इथून. ज्या पुस्तकानं मराठी आत्मचरित्राचा चेहरा बदलला, ते सामान्य वाचकांच्या वर्गणीवर उभं राहिलं. इथं कुणाला सवंग म्हणायची हिंमत झाली नाही.

आणि आमची आजची स्थिती? माझा पहिला संग्रह निघाला तेव्हा प्रकाशकानं छपाईचा खर्च माझ्याकडूनच घेतला. पाचशे प्रती. शंभरेक मी वाटल्या, काही विकल्या गेल्या, उरलेल्या माळ्यावर आहेत. हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. कोणत्याही कवीला विचारा, त्याच्याही घरी माळा आहे. आता तर तीनशेची आवृत्ती निघते. पुठ्ठा जाड, कागद गुळगुळीत, मुखपृष्ठ चार रंगांत, पानावर सहा ओळी आणि किंमत दोन-अडीचशे. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसानं ते का घ्यावं? मग आपणच म्हणायचं, लोकांना कविता नको आहे. लोकांना कविता नको असती तर लालबाग-परळची पोरं मोबाइलवर मराठी रॅप लिहून म्हणाली नसती. त्यातलं बरंचसं कच्चं आहे. काही ऐकताना मात्र मी थांबतो. त्यांनाही आपण सवंगच म्हणून मोकळे झालो आहोत.

मी उपदेश करणार नाही, माझा बेत सांगतो. पुढचा संग्रह सोळा पानांचा काढायचा. एक फर्मा, एक टाचणी, रंगीत कव्हर नाही. छापखान्यात बसून हिशेब केला, वडापावच्या किमतीत बसतो. दादरला स्टेशनबाहेर फुलवाल्यांच्या शेजारी उभं राहायचं, लालबागला गणपतीच्या रांगेत तासन् तास ताटकळणाऱ्यांमध्ये जायचं. आधी चार ओळी म्हणून दाखवायच्या, मग ज्याला हवी त्याला चोपडी द्यायची. एक वडीलधारे समीक्षक मला म्हणाले, अशानं तुमच्या कवितेची किंमत कमी होईल. मी म्हटलं, होऊ द्या. ज्वारी सवंग झाली म्हणून कुणी तिला नावं ठेवत नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)